आधी अंक वाचवा : जुन्या मुखपृष्ठांबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या मासिकांची आणि दिवाळी अंकांची चित्रमय मुखपृष्ठं जमवणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. फ्रेमचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात होता, म्हणून त्याचं उत्तर पहिलं आणि लांबलचक.

प्रश्न : आजोबांच्या लोखंडी पेटीत १९५० ते १९६५च्या सुमाराचे चाळीसेक दिवाळी अंक निघाले. दलाल, मुळगावकर या चित्रकारांची कव्हरं अजून ताजी दिसतात. बैठकीत ओळीनं लावायची आहेत. फ्रेमवाला म्हणतो, कव्हरं सोडवून आणा, हार्डबोर्डवर चिकटवून वरून लॅमिनेशन मारतो, शंभर वर्षं हलणार नाहीत. द्यावीत का? (जालना)

उत्तर : देऊ नका. हलणार नाहीत हे तो खरंच सांगतोय, आणि अडचण तीच आहे. गरम लॅमिनेशनचा थर कागदात वितळून बसतो, तो पुढे कुणालाच सोडवता येत नाही. हार्डबोर्ड लाकडाच्या तंतूंचा असतो. त्यातून आम्ल सुटत राहतं आणि कव्हर मागच्या बाजूनं तपकिरी पडत जातं. शिवाय कव्हर सोडवलं की हातात बिनकव्हरचा अंक आणि बिनअंकाचं कव्हर उरतं, आणि दोन्ही अर्धवट. दिनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं, तेव्हा चित्रकार आणि मालक एकच होता. अशा अंकाचं कव्हर काढून घ्यायचं आणि त्याच हाताची आतली कथाचित्रं रद्दीच्या तराजूत टाकायची, यात शहाणपण नाही.

दोन रस्ते आहेत. आमचा कौल पहिल्याला.

पहिला रस्ता : भिंतीवर प्रत लावा, मूळ अंक पेटीत ठेवा. स्कॅनिंगसाठी अंक उघडावाच लागत नाही. बंद अंक कव्हर खाली करून फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर ठेवा. झाकण दाबू नका, वरून काळं कापड टाका म्हणजे बाहेरचा उजेड आत येत नाही. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फाइल. साधारण १८ × २४ सेंटिमीटरच्या कव्हरची फाइल ७० एमबीच्या आसपास होते. स्कॅनरमधलं ‘डीस्क्रीन’ बंद ठेवा. ते छपाईचे ठिपके पुसून टाकतं, आणि जपून ठेवायच्या फाइलमध्ये ठिपके हवेतच. छपाईला द्यायच्या दुसऱ्या प्रतीवर ते वापरायला हरकत नाही. छपाई पिगमेंट शाईनं, मॅट कागदावर करून घ्या. मागे पेन्सिलीनं ‘प्रत’ आणि तारीख लिहून ठेवा. नातवंडांच्या काळात ही प्रत अस्सल म्हणून विकली जाऊ नये.

दुसरा रस्ता : कव्हर आधीच सुटलेलं असेल, तर तेच फ्रेम करा, पण खिडकी कापलेल्या माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत. आधी कव्हर मोजा, कारण जुने अंक कापताना कारागिराचा हात चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे जायचा. कव्हर बरोबर १८ × २४ सेंटिमीटर असेल तर खिडकी १७.४ × २३.४ची कापायची, म्हणजे चारी बाजूंनी ३ मिलिमीटर कड माउंटखाली दडते. १२ × १५ इंची फ्रेम घेतली तर डावी-उजवीकडे साडेसहा, वर ७ आणि खाली ७.७ सेंटिमीटर मोकळा माउंट राहतो. खालची बाजू मुद्दाम थोडी जास्त ठेवायची, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. कव्हर चिकटवायचं नाही. वरच्या कडेला मागून पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या लावायच्या, प्रत्येकी अडीच सेंटिमीटर रुंद, आणि त्यावर गव्हाच्या चिकाची खळ (कृती पुढे दिली आहे). खालची कड मोकळी सोडा. आपल्याकडे मे महिन्यात कागद आक्रसतो आणि श्रावणात फुगतो. चारी बाजूंनी जखडलं तर त्याला लाटा पडतात.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा. माउंट आणि मागचा बोर्ड आम्लमुक्त. काच आणि कागद यांत माउंटच्या जाडीचं तरी अंतर, कारण काचेला टेकलेला आर्ट पेपर (गुळगुळीत कागद) पावसाळ्यात काचेलाच चिकटतो. आणि मागे पॅकिंगची तपकिरी टेप कागदापासून लांब.

पूर्ण अंकच मांडायचा असेल तर खोल डबा-फ्रेम करून घ्या. अंकाचा सगळा भार खालच्या दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्टीवर यायला हवा. कोपऱ्यांना पॉलिएस्टरचे त्रिकोणी खिसे फक्त तोल सांभाळायला. दोनशे पानांचा अंक कव्हरला धरून टांगला तर पाठीचा गोंद वर्षभरात सुटतो.

भिंत कोणती? पश्चिमेची नको, ती दुपारी तापते. न्हाणीला लागून असलेली नको. बाहेरच्या भिंतीवर लावावंच लागलं तर फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. खिडकीसमोर तर नकोच. उन्हात आधी लाल आणि पिवळा उडतो, आणि लाल शालूतली नायिका निळसर-करडी होऊन बसते. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत ठेवा. मोबाइलवरच्या अॅपनं अंदाज येतो. अस्सल कव्हर तीन महिने लावलं की उरलेलं वर्ष पेटीत. चाळीस अंक आहेत, पाळी लावा.

प्रश्न : काही अंकांची पहिली-शेवटची पानं नाहीत. कव्हरवर चित्र आणि नाव आहे, साल नाही. साल कसं ओळखायचं? (लातूर)

उत्तर : सगळ्यात आधी किंमत पाहा. किंमत आण्यांत असेल तर अंक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असा शब्द असेल तर १९५७ ते १९६४. जून १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गेला. नुसते ‘पैसे’ असतील तर त्यानंतरचा. बदलाच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत दोन्ही हिशेब शेजारी छापलेले सापडतात, त्यामुळे एकट्या किमतीवर निकाल देऊ नका.

मग पत्ते. जाहिरातीत सहा आकडी पिन कोड दिसला की अंक १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं ‘मुंबई ४’, ‘पुणे २’ असेल तर बहुतेक त्याआधीचा. एजंटांच्या यादीत औरंगाबाद, नांदेड, परभणी यांच्यापुढे काय लिहिलंय तेही बघा. ‘निजाम स्टेट’ किंवा ‘हैद्राबाद संस्थान’ असेल तर सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईच्या आसपासचा किंवा आधीचा. ‘हैद्राबाद राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतचा. त्या दिवशी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून ‘महाराष्ट्र राज्य’. एजंटांची यादी इतकी बारकाईनं कुणी वाचत नाही, पण साल बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

शुद्धलेखनही बोलतं. ‘नाहीं’, ‘कां’, ‘घरांत’, ‘मुलें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास असतील तर अंक १९६२च्या नव्या नियमांआधीचा असण्याची शक्यता मोठी. ठाम पुरावा म्हणून मात्र धरू नका, काही संपादक जुनी सवय सोडायला तयार नव्हते.

शके दिला असेल तर दिवाळी अंकासाठी ७८ मिळवा. शके १८८० म्हणजे १९५८. जानेवारी ते मार्चमधल्या अंकासाठी ७९.

आपल्या मराठवाड्यातली एक खास खूण राहिली. जुन्या मालकाची सही किंवा वाचनालयाचा शिक्का फसली सनात, म्हणजे संस्थानच्या महसुली कालगणनेत असतो, आकड्यापुढे ‘फ.’ असतो. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून बदलायचं, म्हणजे दिवाळी अंक आला की शिक्क्यावर नवं साल. किमतीवर ‘हाली’ असं हातानं लिहिलेलं दिसलं तर ते संस्थानचं नाणं. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी राज्यातले रुपये. असे शिक्के खोडायला जाऊ नका. पुण्या-मुंबईच्या संग्रहात ते मिळत नाहीत.

प्रश्न : एका प्रदर्शनात ‘फिल्मइंडिया’ या जुन्या सिनेमासिकाचं फ्रेम केलेलं कव्हर ‘ओरिजिनल’ म्हणून विकायला होतं. एस. एम. पंडितांचं चित्र. खरं की प्रिंट, हे जागच्या जागी कसं ओळखायचं? (नांदेड)

उत्तर : फ्रेम उघडून दाखवा म्हणा. नाही म्हटलं तर तिथेच थांबा.

उघडली तर आधी उलटी बाजू बघा. मासिकाच्या कव्हरच्या आत जवळजवळ नेहमी काहीतरी छापलेलं असतं, साबणाची नाहीतर येणाऱ्या बोलपटाची जाहिरात. पाठ कोरी असेल तर शंका धरायची. डाव्या कडेला पिनांची भोकं आणि गंज हवा, किंवा पाठीच्या गोंदाची खरखरीत रेघ. मग दहापट भिंग लावा. जुन्या ब्लॉकच्या (धातूच्या ठशाच्या) छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत, रांगेनं असतात, आणि ठिपक्याच्या कडेला शाई दाटून गडद गोल झालेला दिसतो, मध्ये फिकट. ब्लॉकचा दाब इतका असतो की कागद तिरपा धरला तर मागून किंचित उठाव जाणवतो. ऑफसेटचा ठिपका सपाट आणि एकसारखा. इंकजेट प्रिंटमध्ये रांगच नसते, भुरभुरवल्यासारखे बारीक थेंब दिसतात, आणि पुष्कळदा त्या थेंबांखाली मूळ छपाईच्या ठिपक्यांचं भूत दिसतं. ते दिसलं की निकाल लागला.

कागद मुद्दाम पिवळा केला असेल तर पिवळेपणा सगळीकडे सारखा असतो. खरा कागद कडेकडून आत पिवळा पडत जातो. नोटा तपासायची अल्ट्राव्हायोलेट बॅटरी जवळ असेल तर अंधारात मारून पाहा. कागद निळसर पांढरा लखलखला तर त्यात उजळक, म्हणजे कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन आहे, आणि उजळक कागदात १९५०च्या सुमारास यायला लागलं. ‘फिल्मइंडिया’ १९३५ला निघालं. चाळीस सालचं म्हणून दिलेलं कव्हर लखलखत असेल तर पैसे खिशात ठेवा.

जाता जाता : पंडितांचा जन्म गुलबर्ग्याचा, १९१६चा. गुलबर्गा तेव्हा आपल्यासारखंच हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे उदगीर-निलंग्याकडच्या जुन्या घरांत त्यांची चित्रं असलेली कॅलेंडरं निघाली तर नवल नाही. तीही रद्दीत घालू नका.

प्रश्न : अतिवृष्टीत घरात पाणी शिरलं आणि अंकांची पेटी भिजली. ऊन पडल्यावर अंक गच्चीवर वाळवले. आता कव्हर आणि आतली रंगीत पानं एकमेकांना चिकटून वीट झाली आहे. वाफ देऊन सुटतील का? (बीड)

उत्तर : साधा कागद असेल तर काही प्रमाणात. आर्ट पेपर असेल तर घरच्या घरी नाही. गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा थर असतो. भिजला की मातीतलं चिकटवण पुन्हा जागं होतं, आणि तसाच वाळला की दोन पानांचा एक गठ्ठा होतो. सुरीनं सोडवायला गेलात तर एका पानाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर जाईल. ती वीट आहे तशी स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवा. आज निघत नाही म्हणजे टाकून द्यायची असं नाही. वाफेनं मात्र तिचं आणखी वाटोळं होईल.

पुढच्या वेळेसाठी, कारण पाऊस काही सांगून येत नाही : भिजलेला आर्ट पेपर वाळू द्यायचा नाही. साधारण सहा तासांच्या आत एकतर पानं सोडवायची नाहीतर गोठवायची. चिखल असेल तर अंक बंदच ठेवून परातीत स्वच्छ पाण्यात हलकेच बुचकळा, चोळू नका. छपाईची शाई तेलाची असते, ती पसरत नाही. पण फाउंटन पेनची सही आणि शिक्क्याची शाई पसरते, म्हणून त्या पानाचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग एकेक अंक वेगळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात. गोठलेला अंक महिनाभरही थांबतो. सवड मिळेल तसा रोज एकेक काढा, अर्धवट सुटला की गुळगुळीत पानांत प्रत्येक पानाआड बटर पेपर घाला. साध्या पानांत दहा-पंधरा पानांमागे एक टीपकागद पुरतो, तो ओला झाला की बदलायचा. पंखा लावा, पण वारा थेट अंकावर नको. ऊन तर नकोच. उन्हात वरचं पान आधी वाळून आक्रसतं आणि कव्हर पन्हाळीसारखं वळतं.

दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. धरली असेल तर ओली असताना पुसू नका, ती कागदात शिरते. पूर्ण वाळल्यावर, घराबाहेर, एन-९५ मास्क लावून मऊ ब्रशनं झटका. दमा असणाऱ्यानं हे काम दुसऱ्याला सांगावं.

प्रश्न : माळवदाचं जुनं घर आहे. उन्हाळ्यात त्याच खोलीत कूलर चालतो. अंक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून लाकडी कपाटात ठेवले आहेत. बरोबर आहे का? (परभणी)

उत्तर : माळवद चांगलं. जाड माती उन्हाचा तडाखा आत येऊ देत नाही, पत्र्याच्या खोलीपेक्षा अंक तिथे कितीतरी सुखी. फक्त पावसाळ्याआधी छताला गळती आहे का बघून कपाट मोक्याच्या जागी सरकवा.

कूलर हीच खरी भानगड. एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. कूलर लागला की त्याच खोलीत ती दुपारभर ६०-७०वर जाते आणि रात्री पुन्हा उतरते. कागदाला कोरडेपणा सोसतो, थोडा दमटपणाही सोसतो, हा रोजचा झोका सोसत नाही. पिना गंजतात त्या पुष्कळदा या दिवसांत, लोक पावसाळ्याला दोष देतात. कपाट कूलर नसलेल्या आतल्या खोलीत न्या. एक साधा आर्द्रतामापक आत ठेवा. ३५ ते ५५च्या दरम्यान, आणि मुख्य म्हणजे स्थिर, असा काटा राहिला की झालं.

सिलिका जेल फक्त आषाढ ते आश्विन. मध्यम पेटीला अर्धा किलो पुरतं, रंग बदलला की तव्यावर नाही, ओव्हनमध्ये १२०ला दोन तास. उन्हाळ्यात ते काढून ठेवा, नाहीतर आधीच ठिसूळ झालेला कागद पापडासारखा मोडेल.

पिशव्यांची परीक्षा घ्या. कोपऱ्याचा बोटभर तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन, चालतं. बुडाला तर एकतर पॉलिएस्टर, जे उत्तम, नाहीतर पीव्हीसी, जे घातक. पॉलिएस्टर कडक असतं आणि चुरगाळलं की कडकड वाजतं. पीव्हीसी लुसलुशीत, ताणलं तर ताणतं, आणि नव्या रेनकोटचा वास येतो. तरी शंका असेल तर तांब्याची तार आचेवर लाल करून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा आचेत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे अंगणात करा, धूर चांगला नसतो. पीव्हीसीतून तेलकट द्रव सुटतो आणि कव्हरचा रंग पिशवीला चिकटून निघतो.

पिशवीचं तोंड पूर्ण बंद करू नका. जाड अंक उभे न ठेवता आडवे, आठ-दहाची चळत. लाकडी कपाटाच्या फळीवर आम्लमुक्त कागद अंथरा. खुलताबादच्या वाटेवर दौलताबादपुढे कागजीपुरा आहे. तिथली हातकागदाची परंपरा फार जुनी. तो कागद अंथरायला, फोल्डर करायला छान. फक्त प्रत्येक लॉटवर पीएच पेन्सिलीची (आम्ल ओळखणाऱ्या पेन्सिलीची) रेघ मारून पाहा. जांभळी राहिली तर घ्या, पिवळी पडली तर लग्नपत्रिकांना वापरा.

प्रश्न : ‘आवाज’च्या जुन्या दिवाळी अंकांतल्या खिडक्या (झडप उघडली की आत दुसरं चित्र दिसतं त्या) घडीवर फाटल्या आहेत. सेलोटेप नको हे कळतं, मग काय लावायचं? आणि खळ घरी करता येते का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येते, आणि तिचं मुख्य साहित्य उन्हाळ्यात आपल्या घरोघरी तयार होत असतं. कुरडयांचा चीक.

मधुकर पाटकरांनी १९५१ला ‘आवाज’ काढला. त्याच्या खिडकीचित्रांची सगळी गंमत उघडण्या-मिटण्यात होती, म्हणून धड खिडकीचा अंक मिळणं मुश्किल. प्रत्येक घरात दहा जणांनी ती उघडून पाहिलेली असते.

खळीसाठी गव्हाचं पीठ नको. पिठात प्रथिनं असतात, ती कडक होतात, पिवळी पडतात आणि कसरीला आवडतात. नुसता स्टार्च हवा, आणि चीक म्हणजे तोच. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून चीक निवळला की वरचं पिवळं पाणी ओतून देतात. त्या वेळी, मीठ-पापडखार पडायच्या आधी, वाटीभर चीक मागून घ्या. त्यात भरपूर स्वच्छ पाणी घालून ढवळा, रात्रभर निवळू द्या, पाणी ओता. असं आणखी दोनदा, आंबट वास जाईपर्यंत. मग ताटात पसरून सावलीत वाळवा आणि बाटलीत भरा. वर्षभर पुरतो. बोअरचं जड पाणी नको, फिल्टरचं घ्या.

वापरायच्या दिवशी एक चमचा चिकाला पाच चमचे पाणी, तासभर भिजत. मंद आचेवर लाकडी चमच्यानं वीस-पंचवीस मिनिटं सतत हलवा. दुधाळ रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि चमच्यावरून जड पडू लागली की उतरवा. थंड झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा दाबून काढा. वापरताना थोडं थोडं पाणी घालून पातळ दह्याइतकी करा. मे महिन्यात संध्याकाळपर्यंत आंबते, फ्रिजमध्ये तीन दिवस. जुने बाइंडर टिकावी म्हणून मोरचूद घालत, तो घालू नका. तांबं कागदाला आतून जाळतं.

आता खिडकी. जपानी कागद ९ ते १२ जीएसएमचा घ्या. ८ मिलिमीटरची पट्टी कात्रीनं कापायची नाही. ओल्या ब्रशनं रेघ ओढून तिथून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसत नाही. आधी कव्हरच्या कोपऱ्यात ओला कापसाचा बोळा टेकवून रंग सुटतो का पाहा. खळ पट्टीला लावा, कव्हरला नाही, आणि आर्ट पेपरवर ती अगदी कोरडसर हवी. पाणी जास्त झालं की मातीचा थर उचकटतो आणि कडेनं पिवळी रेघ उमटते. पट्टी मागच्या बाजूनं, घडीवर समान बसेल अशी ठेवा. वर बटर पेपर, वर टीपकागद, वर काच आणि अर्धा किलोचं वजन. पाच मिनिटांनी टीपकागद बदला, वीस मिनिटांनी पुन्हा, मग रात्रभर. सकाळी खिडकी एकदाच, हळू मिटा. पुढे अंक ठेवताना खिडकीच्या मागे पातळ कागदाची चिठ्ठी घाला, म्हणजे झडप चौकटीत अडकत नाही.

सेलोटेप आधीच लागलेली असेल तर ओढू नका. टेप जुनी होऊन आपोआप सुटली असेल तर प्लॅस्टिक उचला. तिचा तपकिरी डाग घरी निघत नाही, तो सोडून द्या.

प्रश्न : कसर लागली आहे. डांबरगोळ्या ठेवाव्यात की कडुनिंबाचा पाला? (हिंगोली)

उत्तर : दोन्हींनी लागलेली कसर मरत नाही. डांबरगोळ्यांची वाफ बंद खोलीत माणसालाही वाईट, आणि निंबाचा ओला पाला तर ओल वाढवतो. वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवायची हौस असेल तर ठेवा, अपाय नाही. खरा उपाय गोठवण्याचा : अंक पिशवीत हवाबंद करून उणे १८ला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवस उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं. तोवर कपाट रिकामं करून फटी पुसून घ्या, अंडी तिथे असतात.

प्रश्न : पिना गंजल्या आहेत. काढाव्यात का? (अंबाजोगाई)

उत्तर : मधोमध घडीवर पिना असतील, बालमासिकांना असतात तशा, तर काढा. मधलं पान उघडा, पिनेच्या पायांखाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, बोथट सुरीनं पाय एकेक उभे करा आणि बाहेरून पिन उचला. स्टेपल काढायचा चिमटा वापरू नका, तो कव्हर कुरतडतो. मग त्याच भोकांतून सुती दोऱ्यानं शिवा, गाठ आतल्या बाजूला.

जाड दिवाळी अंकाला पिना बाजूनं टोचून वर कव्हर चिकटवलेलं असतं. तिथे पिनेपर्यंत जायला कव्हरच सोडवावं लागतं. गंज कव्हरवर फुटून आला नसेल तर हात लावू नका.

प्रश्न : दलालांच्या चित्रांचे मग आणि कॅलेंडर छापून विकायचा विचार आहे. अंक माझ्याच मालकीचे आहेत. (उदगीर)

उत्तर : अंक तुमचे, चित्र तुमचं नाही. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. दलाल १९७१ला गेले, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. मुळगावकर १९७६ला, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत. तोवर वारसांची किंवा ज्यांच्याकडे हक्क असतील त्यांची लेखी परवानगी हवी. चित्रकार धुरंधर १९४४ला गेले, त्यांची चित्रं मोकळी झाली आहेत. निनावी चित्र असेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं. छापलेला अंक प्रदर्शनात मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. घरात एक प्रत लावण्याबद्दलही कुणी दारात येणार नाही. विक्री मात्र वेगळी गोष्ट.

प्रश्न : रद्दीवाल्याकडे गावच्या वाचनालयाचे शिक्के असलेले अंक मिळाले. घ्यावेत का? (वसमत)

उत्तर : ‘रद्द’ किंवा ‘निर्लेखित’ असा शिक्का असेल तर बिनदिक्कत. नसेल तर आधी वाचनालयात जाऊन विचारा. चुकून गेले असतील तर ते परत मागतील, आणि द्यायला हवेत.

प्रश्न : ‘चांदोबा’ची पन्नास-साठच्या दशकातली कव्हरं जमवतोय, मधले बरेच महिने मिळत नाहीत. (देगलूर)

उत्तर : तुम्ही मोक्याच्या जागी राहता. मूळ तेलुगू ‘चंदमामा’ जुलै १९४७ला निघाला, मराठी ‘चांदोबा’ १९५२ला, दोन्ही मद्रासहून. कव्हरचं चित्र बहुतेक वेळा सगळ्या भाषांत एकच, वर नाव तेवढं वेगळं. बोधन-निजामाबादकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत तेलुगू अंक बघा. ‘चंदमामा’चे चित्रकार वड्डादि पापय्या यांचं चित्र हवं असेल तर ते तिथे मिळेल. मराठी अंकाची जागा मात्र संग्रहात रिकामीच ठेवा आणि तेलुगू अंक शेजारी लावा, त्यावर महिना-साल लिहून. खरेदीला जाताना नसलेल्या महिन्यांची यादी मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात ढीग समोर आला की घरी काय आहे ते कुणालाच आठवत नाही.